अर्लीन प्रूइटचं बाविसावं मरण

अर्लीन प्रूइट तोवर एकवीस वेळा मेली होती. हा आकडा तिच्या नवऱ्याचा, क्लोव्हिसचा. क्लोव्हिसने टपालखात्यात तीस वर्षं पत्रं वाटली होती, त्यामुळे त्याची मोजणी सहसा चुकत नसे. दोनदा गोळी लागून, एकदा तळ्यात बुडून, एकदा नुसतं भूत बघून जागच्या जागी, आणि उरलेल्या बहुतेक वेळा अंतराळात. अंतराळात तिला हिरव्या चिकट प्राण्याने गिळलं होतं, यानाचं दार उघडं राहिल्यामुळे ती बाहेरच्या पोकळीत ओढली गेली होती, आणि एका मालिकेत तर सुरुवातीची नावं पडद्यावरून जायच्या आतच ती खपली होती. ‘तिकडे कसला आवाज आला ते मी बघून येते’ हे वाक्य एखाद्या काळ्या माणसाच्या तोंडी आलं की तो काही परत येत नाही, हे तिच्या इंगलवूड गावातलं शेंबडं पोरही सांगेल. अर्लीनने ते वाक्य नऊ वेळा म्हटलं होतं.

चर्चमधल्या बायकांनी यातूनही एक रीत पाडली. त्यांच्यात कुणी गेलं की दफनानंतर सगळ्यांनी मिळून जेवायचं असतं. अर्लीन टीव्हीवर मेली की ओझेला बँकहेड ही तिची जिवाभावाची मैत्रीण पाचसहा जणींना घेऊन तिच्याच बैठकीच्या खोलीत तेच जेवण मांडायची. तळलेली कोंबडी, हिरवी भाजी, चीज घातलेली मॅकरोनी, लोण्याचा केक. पडद्यावर अर्लीन तडफडत असायची आणि समोर ओझेला बशी पुढे करत म्हणायची, “घे गं, मयताच्या घरची म्हणून उपाशी राहू नकोस.” सगळ्या हसून हसून लोळायच्या. अर्लीनही हसायची. आपल्या मरणाचं जेवण आपणच जेवायचं, हे भाग्य किती जणांना लाभतं?

पण एकविसाव्या खेपेला हसणं तोंडातच राहिलं.

ती एक इस्पितळाची मालिका होती. अर्लीनला एकच वाक्य होतं, “माझ्या मुलीला कळवा,” आणि मग मरायचं. मेल्यावर तिला प्रेताच्या पिशवीत घालून वरपर्यंत चेन ओढली. दृश्य संपलं, दिग्दर्शक खूश झाला, जेवणाची सुट्टी झाली आणि सगळे उठून गेले. पिशवी तिथेच राहिली, अर्लीनसकट. चेन आतून उघडत नव्हती. हात अंगाशी बांधलेले. तिने हाका मारल्या, किंचाळली, तोंडाजवळचं रबर दर श्वासाबरोबर आत यायचं आणि ओठांना चिकटायचं. चाळीस मिनिटं. शेवटी एक सुतार आपला विसरलेला मापाचा टेप घ्यायला आला म्हणून ती बाहेर निघाली. निर्मात्याने माफी म्हणून घरी फुलं पाठवली. पांढरी फुलं! मेलेल्या माणसाला पाठवतात तशी.

घरी तिने ही गोष्ट हसत सांगितली. एवढं मात्र कुणाला सांगितलं नाही की त्या दिवसापासून तिला न्हाणीघराचं दार लावता येत नाही, दिवा विझवून झोपता येत नाही, आणि डोक्यावरून घालायचा स्वेटर अर्ध्यावर आला की काळीज बंद पडतं. स्वेटर तिने सगळे वाटून टाकले आणि पुढून बटणं असलेले आणले. क्लोव्हिसला वाटलं, वय झालं, खांदे दुखत असतील. त्याला तरी काय सांगणार? मरायला भिणारी नटी म्हणजे पाण्याला भिणारा कोळी. मरणं हेच तर तिचं काम होतं, दुसरं कुणी देत नव्हतं.

म्हणून ‘कॅलिप्टा’ ही अंतराळयानाची मालिका मिळाली तेव्हा ती आधी गुडघ्यावर बसली आणि देवाचे आभार मानले. यानाची मुख्य इंजिनियर. अडीच वर्षं झाली तरी ती जिवंत होती! दर भागात चार वाक्यं असायची. “इंजिन तापलंय, कॅप्टन.” “दहा मिनिटं द्या, कॅप्टन.” कॅप्टनचा पृथ्वीवर घोडा होता, यानाच्या डॉक्टरचे दोन घटस्फोट झाले होते, निळ्या कानांच्या यंत्रमानवालासुद्धा एक आई लिहून दिली होती. अर्लीन जी बाई करायची तिला नाव नव्हतं. सगळे तिला नुसतं ‘चीफ’ म्हणायचे. ती झोपते कुठे, तिचं कुणी आहे की नाही, हे लिहिणाऱ्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. ओझेला यावर संतापायची.

“अगं, त्या लोखंडाच्या डब्याला आई आहे आणि तुला आडनाव नाही?”

“नसू दे,” अर्लीन म्हणायची. “तू मला आडनाव मागू नकोस, बाई.”

कारण तिला ठाऊक होतं. आपल्या माणसाला हे लोक एकदम घर देतात, पेटीतला फोटो देतात, लेकरू देतात, ते कशासाठी देतात हे तिने पुष्कळदा पाहिलं होतं. बोकडाला हळदकुंकू लावतात तेव्हा बोकडाने हुरळून जाऊ नये.

ऑक्टोबर महिना होता, शहाण्णव साल. गुरुवारी संध्याकाळी जेवणाच्या वेळेला स्टुडिओचा माणूस नेहमीसारखा पाकीट पायरीवर टाकून गेला. वरून विमान गेलं, घराच्या काचा थरथरल्या, आणि अर्लीनने तिथेच उभ्याउभ्या पाकीट फोडलं. संहिता आधी पांढऱ्या कागदावर येते. मग जे जे बदलेल ते निराळ्या रंगाच्या कागदावर, आधी निळ्या, मग गुलाबी, मग पिवळ्या. पाकिटात निळी पानं होती. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं: ‘चीफची खोली. आपण ती प्रथमच पाहतो. भिंतीवर मुलीचा फोटो. चीफ पत्र उघडते आणि हसते.’

ती पायरीवर बसली.

क्लोव्हिस हातात काटा घेऊनच बाहेर आला. त्याने तिच्या हातातून पानं घेतली, चष्मा वर केला आणि मोठ्याने वाचायला लागला. “खोली दिली! अगं अर्ली, खोली दिली तुला! आणि लेक! रूथी नाव आहे. घरात ये, ओझेलाला फोन करतो.”

“करू नकोस.”

“का करू नको? अडीच वर्षांनी का होईना, माणसात आणलं की तुला!”

“शेवटची पानं कुठायत?”

त्याने पाकीट उलटं करून झटकलं. आत एक चिठ्ठी होती. पाचवा, शेवटचा अंक मागाहून, गुप्तता राखावी.

“लोक आधी फोडतात म्हणून ठेवलं असेल मागे,” तो म्हणाला. “आनंदाची बातमी आहे आणि तुझं तोंड असं का झालंय? भूत बघितल्यासारखं?”

त्याने फोन केलाच. फोनमधून ओझेलाचा ‘हॅलेलुया’ पार पायरीपर्यंत ऐकू आला. आत सगळे आनंदात आणि बाहेर ही एकटी बसलेली. पाचव्या अंकात पिशवी असणार. असणारच.

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. सहा आठवड्यांपूर्वी यानावर एक नवी वैमानिक आली होती. झाकिया ब्रूसार्ड, वय चोवीस, लुइझियानातल्या लेक चार्ल्सची. काळी, उंच, हसली की सगळे दात दाखवणारी. ती आली त्याच दिवशी होसी मॅकरे अर्लीनला गाडीतून सेटवर सोडत होता. वीस वर्षं नटनट्यांची ने-आण केलेला माणूस. आरशातून बघत म्हणाला,

“दोघी झालात म्हणे, मिस अर्लीन.”

“मग?”

“मग काही नाही. एका म्यानात दोन तलवारी कशा राहतात ते बघायचं.”

“तुझ्या जिभेला काही हाड, होसी?”

“मी आपला ड्रायव्हर माणूस. पण आपल्यातल्या दोन बाया एका जहाजावर मी अजून पाहिल्या नाहीत. म्हणजे पाहिल्या, पण सातआठ आठवड्यांच्या वर नाही.”

अर्लीनने तेव्हा त्याला गप्प केलं होतं. आता तेच वाक्य डोक्यात घोंघावत होतं.

आणि वाईट म्हणजे ती पोरगी तिला आवडली होती. पहिल्या दिवशी पहाटे मेकअपच्या गाडीत झाकिया खुर्चीत बसली होती आणि केशभूषेची बाई तिच्या केसांवर पाण्याचा फवारा मारत उभी होती, कुत्र्याला आंघोळ घालावी तशी, लांबून. मेकअपच्या पेटीत पिठासारख्या गोऱ्या रंगाच्या सगळ्या छटा होत्या आणि एकच तपकिरी. पोरगी आरशात राखाडी दिसत होती. आपल्या बायका कामावर जाताना आपला रंग, आपलं तेल, आपला कंगवा आपल्या पिशवीतून नेतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

“चल ऊठ,” अर्लीन तिला म्हणाली होती. “माझ्याकडे ये.”

आपल्या खोलीत तिने पोरीला खाली बसवलं, डोकं दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये धरलं आणि डोक्याला घट्ट चिकटणाऱ्या बारीक वेण्या घालायला घेतल्या.

“आई गं! मिस अर्लीन, जरा हळू!”

“हळू घातलेली वेणी अंतराळात टिकत नाही. मान सरळ.”

“माझी आई पण असंच बोलते.”

तिची आई, फिलोमीन, शाळेच्या जेवणघरात कामाला होती. पहिल्या भागाला तिने गल्लीतले सगळे जमवले होते आणि टीव्ही अंगणात आणून ठेवला होता. झाकियाला त्या भागात तीन वाक्यं होती. प्रत्येक वाक्याला गल्लीने टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून रोज पहाटे झाकिया तेलाची डबी घेऊन अर्लीनच्या दारात हजर व्हायची.

सोमवारी गॉर्डन व्हिटलॉक अर्लीनच्या खोलीत आला. मालिकेचा निर्माता. सभ्य माणूस, कधी आवाज चढवायचा नाही, बायकांची नावं विसरायचा नाही, आणि हीच तर पंचाईत होती. वाईट माणसाला निदान शिव्या देता येतात. त्याने तिच्यासाठी कॉफी आणली होती.

“पत्र कसं वाटलं?” त्याने विचारलं.

“छान आहे, मिस्टर व्हिटलॉक.”

“किती दिवसांपासून वाटत होतं, चीफला न्याय द्यायला हवा.”

अर्लीनने कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरला. “आणि पाचवा अंक?”

“लिहितोय अजून. पण सुंदर होणार. लोकांना रडवणार आपण.”

“म्हणजे पिशवी आहे.”

तो हसला. “तुला कुणी सांगितलं? कपडेपटाने फार देखणी केलीय. चंदेरी. हात बाजूला बांधायला पट्टे आहेत, गुरुत्वाकर्षण नसतं ना. तू बघशील तेव्हा...”

पुढचं तिला ऐकू आलं नाही. ओठांना रबर चिकटलंय असं वाटून तिने हाताच्या पालथ्या बाजूने तोंड पुसलं. ‘मला जमणार नाही,’ एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. पण ज्या नटीला जमत नाही तिला तो सभ्यपणेच निरोप देईल, आणि एकोणसाठाव्या वर्षी पुन्हा कोण विचारणार? आणि मग तिच्या तोंडून काही निराळंच बाहेर पडलं, शेजारणीला केकचा तुकडा द्यावा इतक्या गोड आवाजात.

“एक सुचवू का? माझ्या वयाच्या बाईला लेकीचं पत्र आलं तर लोक डोळे टिपतील. पण त्या पोरीला जर आईचं पत्र आलं ना, झाकियाला, तर बघणारे धाय मोकलून रडतील.”

तिने मनात स्वतःला बजावलं, मी फक्त पत्राबद्दल बोलले. पिशवीचं नाव काढलं नाही मी. पण पत्रामागून पिशवी जाते हे तिच्याइतकं त्या सबंध स्टुडिओत दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं?

“तरुण आहे,” गॉर्डन हळूच म्हणाला. “सगळं आयुष्य पुढे. आणि तू तिच्याजवळ असशील. बापरे, अर्लीन.” त्याचे डोळे खरंच भरून आले होते. “तुझ्यासारखी निःस्वार्थ नटी मी पाहिली नाही.”

तो गेल्यावर तिने दार उघडं ठेवलं आणि बराच वेळ नुसता श्वास घेत बसली. सुंठीवाचून खोकला गेला होता. घरी जाऊन तिने क्लोव्हिससाठी मासे तळले आणि खोली रद्द झाल्याचं सांगितलं. तो इतका हिरमुसला की तिला त्याच्याकडे बघवेना. “देऊन काढून घेतलं!” तो पुन्हापुन्हा म्हणत होता. “लेक देऊन काढून घेतली!”

बुधवारी संध्याकाळी गुलाबी पानं आली. यावेळी पाचव्या अंकासकट. अर्लीनने शेवटचं पान आधी उघडलं, आणि ते वाचून पुरतं व्हायच्या आत दारावर थापा पडल्या. झाकिया होती. छातीशी तीच गुलाबी पानं धरलेली, गाल ओले, दात सगळे बाहेर.

“मिस अर्लीन! तुम्ही वाचलं? मला आई दिली! भाजी चिरणारी आई! आणि मरते कशी मी, बघितलंत? दोन पानं मरते!”

“बस, बाळ.”

“बसवत नाहीये! मिस्टर व्हिटलॉक म्हणाले, ही कल्पना तुमची. म्हणाले, अर्लीनने तिची लेक देऊन टाकली तुझ्यासाठी.” तिने अर्लीनच्या गळ्यात हात टाकले. “असं कोण करतं हो?”

अर्लीनचे हात दोन्ही बाजूंना तसेच लोंबत राहिले. क्लोव्हिस आतल्या दारात उभा होता. त्याने बायकोकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि आत निघून गेला.

“झाकिया, तू मरतेस त्यात,” अर्लीन म्हणाली.

“हो, पण अंतराळात कोण मेलेलं राहतं? कॅप्टन दोनदा मेला आणि दोनदा परत आला!”

कॅप्टन परत येतो, बाळ. आपण येत नाही. हे वाक्य अर्लीनच्या जिभेच्या टोकाशी आलं होतं. बोलली असती तर पोरगी कुणाला भेटली असती, भांडली असती, निदान घरी गल्ली जमवली नसती. पण बोललं की गुलाबीनंतर पिवळी पानं येऊ शकतात, आणि पिवळ्या पानांवर कुणाचं नाव असेल? अर्लीनने जीभ दातांखाली धरली.

तेवढ्यात पोरीने स्वयंपाकघरातल्या फोनवरून लेक चार्ल्सला फोन लावलासुद्धा आणि फोन अर्लीनच्या कानाला लावला. पलीकडून जाडसर, थकलेला, दक्षिणेतला आवाज आला.

“मिस प्रूइट? मी फिलोमीन. तुम्हाला काय बोलू? पोरगी एवढ्या लांब गेली तेव्हापासून तीन महिने मी झोपले नाही. आता तिथं तिला आई आहे म्हणते. मी झोपते आता.”

“हो,” अर्लीन म्हणाली. “झोपा तुम्ही.” आणि फोन पोरीच्या हातात दिला.

शेवटच्या पानावर काय होतं ते तिने क्लोव्हिसला सांगितलं नाही. लिहिलं होतं: ‘चीफ वैमानिकेच्या कपाळावर हात ठेवते. मग स्वतःच्या हाताने चेन ओढून चेहरा झाकते.’

चित्रीकरण पुढच्या मंगळवारी होतं. त्या पहाटेही झाकिया तेलाची डबी घेऊन आली. अर्लीनने वेण्या घातल्या. बोटं पुन्हापुन्हा घसरत होती आणि एक वेणी तिला तीनदा सोडून घालावी लागली. पोरगी मात्र आज ‘हळू’ म्हणाली नाही.

अकराच्या सुमाराला तिला चंदेरी पिशवीत निजवलं. कपडेपटाच्या माणसाने हात अंगाशी घेऊन पट्टे आवळले, पायांचेही आवळले, चेन छातीपर्यंत आणून ठेवली आणि निघून गेला. दिवेवाले वर काहीतरी सारखं करत होते. अर्लीन पिशवीच्या उशाशी गुडघ्यावर बसली होती, संहितेत होतं तशी. नव्या रबराचा वास येत होता. तिने तोंडाने श्वास घ्यायला सुरुवात केली. पाठीवरून घाम ओघळत होता आणि ती मनात म्हणत होती, मी बाहेर आहे. मी बाहेर आहे.

“मिस अर्लीन,” झाकिया छताकडे बघत म्हणाली. “सकाळी कपडेपटाच्या बाईने माझा गणवेश परत मागितला. दोन्ही जोड. दुसऱ्या कुणाच्या मापाने उसवायचेत म्हणाली.”

अर्लीन पिशवीचा काठ सारखा करत राहिली.

“मी परत येणार नाहीये ना?”

खोटं बोलणं सोपं होतं. पण पोरगी बांधलेली होती आणि अर्लीनकडे न बघता बोलत होती, आणि अशा माणसाशी खोटं बोलायला लागणारं बळ त्या क्षणी तिच्यात नव्हतं.

“नाही.”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“हो.”

“त्यांना पत्राचं सुचवलंत तेव्हा?”

“मला भीती वाटते गं,” अर्लीन म्हणाली. आवाज इतका बारीक झाला होता की तिचा तिलाच ओळखू येईना. “या पिशवीची. एकदा मला आत ठेवून सगळे जेवायला गेले. मला वाटलं, पुन्हा आत गेले तर मी खरंच मरेन. मला दुसरं काही सुचलं नाही, बाळ.”

झाकियाने आता मान वळवून तिच्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

“मी आईला सांगितलं, तुम्ही मला तुमची लेक दिलीत,” ती म्हणाली.

“शांतता!” कुणीतरी ओरडलं. कॅमेरा सुरू झाला.

पोरीने डोळे मिटले. अर्लीनने तिच्या कपाळावर हात ठेवला आणि चेन धरली. हनुवटीपर्यंत आणली, आणि हात तिथेच थांबला. दिग्दर्शकाने थांबवलं. पुन्हा. पुन्हा हनुवटी, पुन्हा हात थांबला. मिटलेल्या पापणीखालून पाणी आलं आणि कानाकडे गेलं. मेकअपवाली येऊन ते पुसून गेली. “अर्लीन, वेळ घे,” दिग्दर्शक मायेने म्हणाला. “पण ओढावी लागेल.”

तिसऱ्या वेळी तिने ओढली. ओठांवरून, नाकावरून, डोळ्यांवरून, वेण्यांच्या टोकापर्यंत. कर्रर असा आवाज झाला आणि पोरगी नाहीशी झाली. चंदेरी कापड एकदा आत गेलं, एकदा बाहेर आलं. अर्लीन त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते कॅमेऱ्याने पोटभर टिपून घेतलं.

“कट! झालं!” दिग्दर्शकाने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. गॉर्डन लांबून छातीवर हात ठेवून उभा होता. “जेवणाची सुट्टी!”

मोठे दिवे विझले, पाय वाजले, दारं आपटली. अर्लीनच्या बोटांना चेन सापडत नव्हती. सापडली तेव्हा तिने ती इतक्या जोरात खाली ओढली की नख मोडलं. झाकियाचा चेहरा घामाने भिजला होता, तोंड उघडं होतं, ती भराभर श्वास घेत होती.

“थांब, थांब बाळ, पट्टे सोडते, आत्ता सोडते...”

“हात लावू नका मला.”

“अगं, पण तू बांधलेली...”

“दुसऱ्या कुणाला तरी बोलवा,” झाकिया छताकडे बघत म्हणाली. “तुमचे हात नकोत.”

अर्लीनने इकडेतिकडे पाहिलं. सेटवर कुणी नव्हतं. सगळे पलीकडच्या तंबूत जेवायला गेले होते. ती उठली, दोन पावलं गेली, मागे वळली, पोरीने तिच्याकडे पाहिलं नाही. मग तिला तशीच बांधलेली ठेवून अर्लीन कुणीतरी शोधायला धावत सुटली.